नीलकंठचा होकार

“मगे तू हो म्हटलंस?”

“म्हटलं.”

“कशाक?”

“तेच तर माहीत नाही, दाजी.”

दाजी मेस्त्रींनी हातातला रंधा थांबवला. पडवीत बसून ते विळीचा पाट तासत होते. शेजारच्या वाडीतल्या एका सुनेला तो दसऱ्याच्या आत हवा होता. दाजींचं वय एक्याऐंशी, तोंडात दात सहा, आणि फळीचा वाक अजून चष्म्याशिवाय दिसतो.

समोरच्या बाकड्यावर बसलेला माणूस एकोणपन्नास वर्षांचा होता. बूट घालून तो तसाच पडवीत चढला होता. मध्येच लक्षात आलं तेव्हा घाईघाईनं काढायला गेला, तर एका बुटाबरोबर मोजाही निघाला. आता एक पाय उघडा आणि एक झाकलेला, असा तो बसला होता.

हा नीलकंठ. पडद्यावर ‘संगीत : नीलकंठ’ एवढंच येतं. आडनाव तेंडोलकर, पण ते लांब पडतं असं मुंबईत कुणीतरी सांगितलं आणि ह्यानं ऐकलं. एक्केचाळीस मालिका, सतरा चित्रपट. संध्याकाळी सात ते दहा ज्या घरात टीव्ही चालू असतो, तिथं सासूनं मान वळवली की जे काही वाजतं, ते बहुतेक ह्याचंच.

दाजींच्या लेखी तो निळू. मुंबईला जाण्याआधी चार वर्षं ह्याच पडवीत पेटी शिकला. दाजी दिवसा सुतारकाम करायचे आणि हंगामात दशावतारी कंपनीत पेटीवर बसायचे. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. राजा काय बोलणार ते राजा तिथंच उभ्या उभ्या ठरवतो. पेटीवाल्याला ते ऐकत ऐकतच वाजवावं लागतं.

“पयल्यापासून सांग,” दाजी म्हणाले.

“आई गेली ते तुम्हाला माहीतच आहे.”

“म्हायत आसा. खांद्याक होतंय मी.”

“जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे. दुपारची. खोलीत मी एकटाच होतो. बायको कपडे वाळत घालायला मागे गेली होती. आईनं डोळे उघडले. माझं मनगट धरलं...”

“मगे?”

“बोलली.”

“काय बोल्ली?”

“एक वाक्य. कदाचित दोन. बराच वेळ बोलत होती, दाजी. तेवढं ती आठ दिवसांत बोलली नव्हती.”

“आणि तू?”

“मी बघत होतो. तिचे ओठ, डोळे, माझ्या मनगटावरचा तिचा हात. आणि...”

नीलकंठनं आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

“आणि मला सारंगी ऐकू आली.”

“खंय?”

“डोक्यात. सारंगी, खाली चेलोचा खर्ज. तिचा हात घट्ट झाला तिथं बासरी. इतकं बरोबर बसत होतं, की मी तेच ऐकत राहिलो. तिचे ओठ थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली. उत्तर हवं होतं तिला. मग मी म्हटलं, हो आई.”

“मगे?”

“तिनं माझा हात थोपटला. डोळे मिटले. चेहरा एकदम शांत झाला. कसलंतरी ओझं उतरावं तसा.”

दाजींनी रंध्यातली ढलपी बोटानं काढली.

“आणि तू मगे काय केलंस?”

ह्या प्रश्नासाठीच नीलकंठ मुंबईहून एवढं अंतर कापून आला असावा, आणि हाच प्रश्न येऊ नये असंही त्याला वाटत असावं.

“मी बाहेर खळ्यात गेलो,” तो म्हणाला. “फोनवर ती चाल गुणगुणून ठेवली. विसरू नये म्हणून.”

दाजींनी रंधा खाली ठेवला.

...

नीलकंठला आईचं काही नव्हतं असा कुणी अर्थ काढू नये. फार होतं. त्या आठ दिवसांत त्यानं एका चित्रपटाचं काम पुढे ढकललं, आईचं अंग पुसलं, पेज भरवली. माणूस वाईट नाही. धंद्यानं त्याला एक सवय लावली होती, एवढंच. आणि ती सवय त्यानं पदकासारखी छातीवर लावली होती.

ती सवय अशी. मालिकेचं चित्र संगीतकाराकडे येतं तेव्हा त्याबरोबर संवादांचा आवाजही येतो. बाकीचे संगीतकार तो जरा कमी करून काम करतात. नीलकंठ तो पूर्ण बंद करतो. सुरुवातीला नाइलाज होता. त्या काळात भाग डबिंगच्या आधीच हातात यायचे, नुसते ओठ हलायचे. दिग्दर्शक सांगायचा, “इथं सून घर सोडते,” आणि हा ओठांवर, पापण्यांवर सूर बसवायचा. पुढे आवाजासकट भाग यायला लागले, तरी ह्यानं बटण दाबून आवाज बंदच ठेवला. संवाद मध्ये मध्ये येतात, म्हणायचा. एका मुलाखतीत तर त्यानं सांगून टाकलं, “मी शब्दांना संगीत देत नाही, चेहऱ्यांना देतो.” ते वाक्य लोकांना इतकं आवडलं, की पुढे तो तेच प्रत्येक मुलाखतीत सांगायला लागला.

एक्केचाळीस मालिका झाल्या. त्यांतल्या एकीतही कोण काय बोललं, ते ह्याला ठाऊक नाही. एकदा एका समारंभात एक अभिनेत्री त्याच्या पाया पडली. “सर, माझ्या त्या प्रसंगात तुम्ही जीव ओतलात,” म्हणाली. हा म्हणाला, “तुम्हीही फार सुंदर बोललात.” ती मालिकेत मुकी होती.

हे तो पूर्वी हसत सांगायचा. आता सांगत नाही.

...

“पुढचा दिवस होतो ना?” दाजींनी विचारलं. “ती काय लगेच गेली नाय.”

“दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली.”

“शुद्ध होती?”

“होती. पाणी मागितलं दोनदा. दिवा लावला का, विचारलं. बायकोला म्हणाली, केस विंचर.”

“तू खंय होतंस?”

“तिथंच. तिच्या उशाशी.”

“दीड दिवस?”

“दीड दिवस.” नीलकंठनं मोजा नसलेला पाय दुसऱ्या पायाखाली घेतला. “मला वाटलं, आठवेल. चाल एवढी स्पष्ट आठवत होती, तर शब्दही येतील मागून. ती समाधानात पडली होती, दाजी. तिला कशाला... मला वाटलं, आठवेल.”

दाजींनी पाट हातात घेऊन उजेडाकडे धरला. एक डोळा मिटून कड पाहिली आणि पुन्हा खाली ठेवला.

“आणि कावळो?”

“तुम्ही होतात की दहाव्याला.”

“मी झाडामुळात बसललंय. माका नीट दिसाक नाय. तू सांग.”

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या सुरमाडावर पाच-सहा बसले होते. एकही खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं. काका हात जोडून पुढे झाले, “निळूचा आमी बगतलो, काळजी करू नको.” कावळा नाही. चुलतबहीण म्हणाली, “तुझी गाय आमी इकूचंव नाय.” कावळा नाही. भटजींनी घड्याळ पाहिलं. सगळे नीलकंठकडे बघायला लागले, कारण एकुलता एक मुलगा तो. तिच्या मनात काय राहिलं ते त्याला माहीत नसेल तर कुणाला असणार?

नीलकंठ पुढे गेला. हात जोडले. “आई,” तो म्हणाला, “तू जे सांगितलंस ते सगळं करीन.”

एक कावळा खाली उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर बसला. मान वाकडी करून ह्याच्याकडे पाहिलं आणि उडून गेला.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि माणसं जेवायला गेली.

“तुम्ही म्हणाल, पक्षी तो पक्षी,” नीलकंठ म्हणाला. “मीही तेच म्हणत होतो. मुंबईत परत गेलो. ती चाल त्या चित्रपटात घातली. आईच्याच मृत्यूचा प्रसंग होता. दिग्दर्शक ऐकून माझ्या गळ्यात पडून रडला. सगळे म्हणतात, बावीस वर्षांतलं तुझं हे सर्वांत चांगलं काम.”

“बरां झाला मगे.”

“मला झोप लागत नाही, दाजी. मी हो म्हणालोय आणि कशाला, ते मला माहीत नाही.”

त्याचा आवाज फाटला. दाजींनी तांब्या पुढे सरकवला. तो पाणी प्यायला नाही.

“सहा महिने अंदाज करतोय. ती पडवीत उभी राहून ओरडायची ना, विहिरीला कठडा नाही म्हणून? कठडा बांधला. चुलतभावाशी नऊ वर्षं अबोला होता. तो सोडला, त्याच्या पाया पडून आलो. तो घाबरला, त्याला वाटलं मला काहीतरी मोठा आजार झालाय. रवळनाथाला समई दिली. मुंबईत तुळस लावली. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटतं. मग वाटतं, हे नसणार.”

“तुळस जगली?”

“काय?”

“तुळस. जगली काय?”

“...हो. जगली.”

“मगे सांग फुडे.”

नीलकंठ क्षणभर गोंधळून बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “कधी कधी वाटतं, ती म्हणाली असेल, आता मला औषध नको. आणि मी हो म्हणालो. आणि संध्याकाळी चमच्यानं पाजलं. तिनं तोंड फिरवलं होतं, दाजी. मी हनुवटी धरून पाजलं.”

पडवीबाहेर कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती.

“तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता,” नीलकंठ म्हणाला. “एका वाडीतले तुम्ही. काय मागितलं असेल तिनं? तुम्हाला काय वाटतं?”

“माका काय वाटतला? मी थंय होतंय?”

“अंदाज सांगा.”

“तुझे अंदाज कमी आसत, म्हणान माझो घेवन जातंस?”

नीलकंठला राग आला. तो दिसला. पण गुरूसमोर राग गिळायची जुनी सवय अजून शिल्लक होती.

“निदान ती चाल तरी ऐका,” तो म्हणाला आणि खिशातून फोन काढला. “ह्याच्यावरून काही सुचलं तर...”

“ता ठेव.”

“एकदाच...”

“ठेव म्हटलंय ना, मेल्या. पेटी आसा थंय. पेटीर वाजय.”

...

पेटी भिंतीला टेकून कापडाखाली होती. दाजींचीच, दशावतारातली. पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. भात्याला दोन ठिकाणी चिकटपट्टी होती. नीलकंठनं ती पुढ्यात घेतली, मांडी घातली, डावा हात भात्यावर ठेवला. बावीस वर्षं तो संगणकावर काम करतोय, पण मांडी घातल्याबरोबर पाठ आपोआप ताठ झाली.

चाल सुरू झाली. चांगली होती. ते कबूल केलं पाहिजे. खालून एक सूर यायचा, वरचा त्याला भेटायला उतरायचा आणि भेटण्याच्या आतच थांबायचा. पडवीच्या पायरीवरची कोंबडीसुद्धा थबकली असं लिहिण्याचा मोह होतो, पण ती थबकली नाही, दाणे टिपत राहिली.

दाजी ऐकत होते. मध्येच त्यांचे ओठ हलले. काहीतरी बोलले.

नीलकंठनं ते पाहिलं. त्याची बोटं तयारीची. बोलणं सुरू झालं तसा त्यानं सूर हलका केला, शब्दांखाली ठेवला. ओठ थांबले तिथं अर्धा श्वास सोडला आणि मग वरचा सूर अलगद उतरवला. एखादा दिग्दर्शक जागेवरून उठला असता.

चाल संपली.

“मी काय बोल्लंय?” दाजींनी विचारलं.

“...कधी?”

“आताच. तू वाजयत होतंस तेव्हा.”

“आईबद्दल काहीतरी.”

“काय?”

“म्हणजे... ती गेली, त्याबद्दल. तुमचा चेहरा तसा होता.”

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मग एक लांबलचक मांजर शांतपणे पडवीतून निघून गेलं. मिशा पांढऱ्या होत्या.

“मी म्हटलंय, मांजर चुलीकडे गेला, दूध झाक,” दाजी म्हणाले. “सून बाजाराक गेली आसा. आता दोघय कोरी चाय पिया.”

नीलकंठला हसावं की काय करावं ते कळेना. तो अर्धवट हसला.

“परत वाजय.”

“दाजी, मी आईचं विचारायला आलोय...”

“वाजय.”

ह्या वेळी त्यानं ठरवलं की ऐकायचं. डोळे दाजींच्या तोंडावर रोखले, कान टवकारले. बोटं मात्र चालू. ती थांबवावीत हे त्याच्या मनातही आलं नाही. दाजी बोलायला लागले. त्याला ‘तू’ ऐकू आलं. मग सूर आला. मग ‘आसस’ ऐकू आलं. दाजी त्याच्याकडे उत्तराच्या अपेक्षेनं बघत होते. नजर मायेची होती.

नीलकंठनं मान हलवली. “हो,” तो म्हणाला. “हो, दाजी.”

बोलला आणि त्याचं त्यालाच काहीतरी झालं. हात भात्यावर थांबला. पेटीतला उरलेला सूर बारीक होत होत मेला.

“कशाक हो म्हटलंस?”

“तुम्ही म्हणालात... तू माझ्या मुलासारखा आहेस.”

“मी म्हटलंय, तू गाढव आसस काय? आणि तू हो म्हटलंस.”

आता मात्र नीलकंठ उठला. पेटीच्या कडेला पाय लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“माझी चेष्टा करू नका,” तो म्हणाला. आवाज चढला होता. “मी काही सतरा वर्षांचा नाही. लोक रडतात माझ्या कामावर. घराघरांत रडतात. मला शब्द ऐकायची गरज पडली नाही, कारण मला त्यांच्याशिवाय कळतं. चेहरा बघून कळतं. हे सगळ्यांना जमत नाही, दाजी. तुम्हाला नाही जमलं!”

“नाय जमाक,” दाजी म्हणाले.

“आईचा चेहरा मला कळला होता. ती शांत झाली होती. माझ्यामुळं झाली होती. मग शब्द कुठले का असेनात, काय फरक पडतो?”

“नाय पडना?”

“नाही!”

“मगे हय कशाक इलंस?”

नीलकंठ पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला. खळ्यातल्या उन्हात पिल्लं आईच्या मागे मागे पळत होती. त्यानं डोळे पुसले. लाज वाटली नाही त्याला. वाटायला हवी होती अशातलाही भाग नाही.

“मी काय करू?” तो म्हणाला. पाठमोराच होता. “खरंच सांगा. मला काहीच सुचत नाही. चांगली चाल मिळाली म्हणून आनंद मानू, का ती पुसून टाकू? ती माझी आहे का, तेही कळत नाही. आई बोलत होती म्हणून चाल आली. का चाल आली म्हणून मी आईचं बोलणं ऐकलं नाही? कोण आधी, तेच मला आता लागत नाही.”

“माकाय लागना,” दाजी म्हणाले.

“तुम्हालाही?”

“नाय.”

नीलकंठनं वळून पाहिलं. दाजी खरंच विचारात पडलेले दिसत होते. कपाळावर आठ्या होत्या. गुरूला कळत नाही हे बघून शिष्याला धीर येतो की भीती वाटते, ते सांगणं कठीण. नीलकंठला दोन्ही झालं.

“बस,” दाजी म्हणाले. “एकदा वाजय. मगे चाय करूया.”

तो बसला. हट्ट सोडलेल्या माणसासारखा बसला, उगाच ताठ न होता. डावा हात भात्यावर ठेवला. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर टेकवली.

दाजींनी पाट बाजूला ठेवला. थोडे पुढे सरकले. त्यांनी नीलकंठचं मनगट धरलं.

हात खडबडीत होता, सुताराचा. पण पकड हलकी होती.

दाजी बोलायला लागले.

ओठ हलत होते. डोळे नीलकंठच्या डोळ्यांत होते. नीलकंठच्या डोक्यात सारंगी सुरू झाली, खाली चेलो आला, जसा रोज येतो तसाच. बोटांनी पट्ट्या दाबल्या. भाता उघडला. एक सूर निघाला...

आणि त्यानं बोटं उचलली.

पेटीतून नुसती हवा गेली. सारंगी डोक्यात चालूच होती, ती काही त्याच्या हुकमानं थांबणारी नव्हती. पण तो पुढे वाकला. कान दाजींच्या तोंडाजवळ नेला.

ओठ थांबले.

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. उत्तर हवं असल्यासारखे.

नीलकंठची मान हलायला लागली होती. होकाराला. तिला सवय होती. त्यानं ती मध्येच थांबवली. ती थांबवताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासारखं नव्हतं. दम लागल्यासारखं तोंड उघडं राहिलं.

“काय...” तो म्हणाला.

घसा खाकरला.

“काय म्हणालात? मला ऐकू नाही आलं.”

दाजींची पकड जरा घट्ट झाली.

“दाजी, मला नाही कळलं. मी ऐकत नव्हतो. पुन्हा सांगा ना... काय म्हणालात?”

दाजींनी त्याचं मनगट सोडलं नाही. उलट दुसरा हातही वर ठेवला आणि थोपटला.

“हां,” ते म्हणाले. “ह्याच आयेक इचार.”

“ती गेली, दाजी,” तो म्हणाला.

“माका ठावक आसा. तू इचार.”